आधी ज्योत पाहा, मग भांडं चढवा : नागपूरच्या घरांसाठी गॅस-शेगडी आणि भांड्यांची सविस्तर माहिती

नागपूरच्या उन्हाळ्यात गॅस-शेगडीला सगळ्यात जास्त त्रास कूलरच्या वाऱ्याचा होतो. हे मी अनुभवाने सांगते आहे. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलच्या खिडकीतला कूलर पूर्ण वेगात होता, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि मंद आचेवर वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेलं होतं. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझली, नॉब मात्र चालूच राहिला. कूलरच्या घरघरीत गॅसची सुरसुर कोणाला ऐकू येणार? सासूबाई माठातलं पाणी घ्यायला उठल्या म्हणून त्यांना वास आला. त्यांनी आधी नॉब बंद केला आणि मग दिव्याच्या बटणाकडे गेलेला माझा हात धरला.

त्या दिवसापासून मी शेगडीकडे नीट पाहायला लागले. पाहता पाहता लक्षात आलं की ज्योत, भांडं आणि हवा यांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. चुकीचं भांडं ज्योत बिघडवतं, बिघडलेली ज्योत भांडं जाळते आणि त्याचा धूर आपल्याच छातीत जातो. म्हणून सुरक्षितता आणि भांड्यांची निवड या दोन्हींबद्दल इथे एकत्रच लिहिते आहे.

गॅसचा स्वभाव

घरगुती सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दाबाखाली तो द्रवरूपात असतो आणि बाहेर पडला की द्रवाच्या सुमारे २५० पट जागा व्यापतो. हवेपेक्षा तो दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो छताकडे जात नाही. जमिनीलगत पसरतो, ओट्याखालच्या कोपऱ्यात साचतो, मोरीत उतरतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो कुबट वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. हवेत गॅसचं प्रमाण सुमारे २ टक्के झालं तरी ठिणगीने भडका उडू शकतो.

मनीषनगर-बेसाकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये ओट्याखाली दाराचं कपाट करून त्यात सिलिंडर ठेवायची पद्धत झाली आहे. दिसायला नीटनेटकं असतं, पण त्या कपाटाच्या दाराला अगदी खालच्या कडेला जाळी किंवा भोकं हवीतच. जड गॅस वरच्या भोकातून बाहेर पडणार नाही. त्याच कपाटात पाण्याच्या फिल्टरचा प्लग किंवा विजेचं बटण असेल तर ते आधी दुसरीकडे हलवून घ्या.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा. गॅस संपत आला की काही घरांत तो आडवा करून हलवतात. त्याने द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत अचानक भडकते. गरम पाण्यात ठेवणं तर त्याहून वाईट. घरगुती सिलिंडरची क्षमता ३३.३ लिटर असते आणि त्यात भरलेला १४.२ किलो गॅस साधारण चार पंचमांश जागा घेतो. उरलेली जागा तापल्यावर फुगणाऱ्या द्रवासाठी ठेवलेली असते. आपल्याकडे गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत उन्हात भरलेला सिलिंडर ठेवणं म्हणजे ती राखीव जागा खाऊन टाकणं आहे.

सिलिंडर दारात आला की

सिलिंडर आणणारा माणूस घाईत असतो, तरी पाच मिनिटं मागून घ्या. सील शाबूत आहे ना, ते पाहा. वजन करायला सांगा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. मग कड्याखालच्या उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला रंगवलेलं एक अक्षर आणि दोन आकडे शोधा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. ‘सी-२८’ लिहिलं असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा.

टोपी काढल्यावर टॉर्चच्या उजेडात व्हॉल्व्हच्या आत बघा. काळी रबरी रिंग नसेल, चिरलेली किंवा दबलेली असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी गॅस झिरपतो. नंतर साबणाचा फेस व्हॉल्व्हवर लावून बुडबुडे येतात का ते बघा. काडी पेटवून गळती शोधायची खोड अजून काही घरांत आहे. ती आजच सोडा. सुरक्षा टोपी दोऱ्याने सिलिंडरलाच बांधून ठेवा, गरज पडेल तेव्हा ती शोधायला वेळ नसतो.

रबरी नळी ‘सुरक्षा’ जातीची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय खूण असलेलीच घ्या. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि पाच वर्षं झाली की नवी आणायची, वरून चांगली दिसत असली तरी. नळीवर तारीख छापलेली असते, शिवाय बदललेल्या दिवसाची चिठ्ठी मी ओट्याखाली चिकटवते. महिन्यातून एकदा नळी हलकेच वाकवून चिरा बघायच्या आणि उंदरांनी कुरतडली नाही ना तेही. नळी भिंतीतून आरपार नेऊ नका, शेगडीखालून तर मुळीच नेऊ नका. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी आणि मागे खिडकीचा पडदा नको.

पेटवताना आणि विझवताना

आधी लायटर बर्नरजवळ न्यायचा, मग नॉब फिरवायचा. आपण बहुतेक जण उलटं करतो: नॉब उघडतो आणि मग लायटर शोधतो. दोन-तीन खटक्यांत पेटलं नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबा, साचलेला गॅस पांगू द्या. ओढणी किंवा पदर खोचून घ्या. नायलॉन, जॉर्जेट घालून तळण करू नका, ते वितळून कातडीला चिकटतं. रात्री झोपताना आणि बाहेरगावी जाताना रेग्युलेटर बंद.

कूलरचं काय करायचं? कूलरसाठी खिडक्या उघड्या लागतातच आणि ती हवा स्वयंपाकघरालाही चांगली असते. म्हणून दार घट्ट लावून घेऊ नका. कूलरच्या पट्ट्यांची दिशा अशी वळवा की झोत शेगडीच्या रेषेत येणार नाही. ते जमत नसेल तर शेगडीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावा, पण तो ज्योतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे बर्नरला हवा मिळत राहील. कूलर चालू असताना मंद आचेवर काही ठेवलं असेल तर दर काही मिनिटांनी डोकावायचंच. नवी शेगडी घेणार असाल तर ज्योत विझताच गॅस आपोआप तोडणारी सोय असलेलं मॉडेल मागा. माझ्या मते आपल्या शहरात थोडे जास्त पैसे मोजावेत ते या एका सोयीसाठी. आपोआप पेटणाऱ्या बटणापेक्षा ती कितीतरी मोलाची आहे.

ज्योत काय सांगते

चांगली ज्योत निळी, स्थिर, प्रत्येक छिद्रापाशी टोकदार आणि जवळपास बिनआवाजाची असते. पिवळी, लांब, लवलवणारी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. तो अर्धवट जळतो, भांड्याची बुडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो, म्हणून तो फसवतो. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आपण खिडक्या लावून घेतो, तेव्हा हे जास्त सांभाळायचं. बंद बाथरूममधला गॅस गिझर तर याच कारणाने जिवावर बेततो.

ज्योत पिवळी दिसली की लगेच घाबरू नका, आधी कारण शोधा. मिठाचं पाणी उतू गेलं असेल तर काही वेळ नारिंगी-पिवळे ठिपके दिसतात. तो मिठातल्या सोडियमचा रंग असतो, आपोआप जातो. धुतलेला बर्नर ओला राहिला तरी तसंच होतं. ठिपके गेले नाहीत तर बर्नरचं डोकं गार झाल्यावर काढा, कोमट साबणपाण्यात भिजवा, छिद्रं बारीक तारेने मोकळी करा, पूर्ण वाळवा आणि खाचेत नीट बसवा. निम्म्या तक्रारी बर्नर वाकडा बसल्यामुळेच असतात. गॅस जिथून येतो त्या आतल्या जेटला मात्र हात लावू नका. त्याचं भोक ठरलेल्या मापाचं असतं, सुईने ते मोठं झालं की शेगडी कायमची बिघडते. ज्योत छिद्रांपासून उचलली जाऊन फरफर आवाज करत असेल किंवा बंद करताना फट्‌ असा आवाज येत असेल तर मेकॅनिकला बोलवा.

भांडं निवडताना

माझा पहिला नियम साधा आहे. ज्योतीचं टोक भांड्याच्या बुडाच्या कडेपासून बोटभर आतच राहिलं पाहिजे. कडेबाहेर आलेली आच भांड्याला काहीच देत नाही. ती कान जाळते, प्लास्टिक-बेकेलाइटची मूठ वितळवते आणि तुमच्या बाहीपर्यंत पोचते. म्हणजे मोठा गंज मोठ्या बर्नरवर, चहाचं पातेलं लहान बर्नरवर. फोडणीची पळी जाळीवर कलंडते म्हणून तिच्यासाठी लहान गोल जाळी वेगळी मिळते, ती घ्या. वडा-भातावर घालायच्या तेलाची फोडणी करताना मिरची करपायच्या आधी पळी उलटली तर काय होतं, ते कोणालाही बघावं लागू नये.

भांडं बुडाला सपाट आहे का ते दुकानातच तपासा. ओट्यासारख्या सपाट जागेवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगलं तर नको. बूड जाड हवं. इतवारी बाजारात भांडं घेताना मी ते हातात तोलून बघते, कारण कडा जाड आणि बूड पातळ अशी फसवी भांडीही असतात.

आता धातूंचं बघू, खरी मेख इथेच आहे.

साधं स्टील टिकतं, आंबटाने बिघडत नाही, पण त्यातून उष्णता फार हळू पसरते. अ‍ॅल्युमिनिअममधून ती स्टीलच्या सुमारे १५ पट वेगाने जाते. म्हणून पातळ स्टीलच्या गंजात ज्योतीच्या गोलापुरतं दूध लागतं आणि कडेचं गारच राहतं. यावर उपाय म्हणजे तीन थरांचं स्टील: बाहेर-आत स्टील, मधे अ‍ॅल्युमिनिअम. सावजी मटणाचा रस्सा दीड-दोन तास मंद आचेवर ठेवायचा असेल तर असं भांडं किंवा चांगलं जाड बूड असलेलं भांडंच हवं. नाहीतर मसाला तळाशी धरतो आणि तर्रीला जळका वास येतो.

जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची भांडी लवकर तापतात आणि स्वस्त असतात. त्यांत कढी, चिंच, टोमॅटो शिजवू नका आणि शिजवलेलं रात्रभर तर ठेवूच नका. आंबट पदार्थाने धातू झिजतो, आतून खड्डे पडतात.

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा भाजण्यासाठी उत्तम. सावजी मसाल्याचं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल कोरडंच भाजायचं असतं, त्यासाठी लोखंडच वापरा. तिथे नॉनस्टिक नको. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतो आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्याचा धूर माणसाला त्रास देतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा तर जीवही घेऊ शकतो. नॉनस्टिक मध्यम आचेवर, तेल किंवा पीठ घातल्यावरच, लाकडी उलथन्याने वापरायचं आणि लेप उडाला की बाजूला करायचं. लोखंडी कढईत भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर वांगी काळी पडतात आणि लोखंडाची चव उतरते. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तो तडकतो.

पितळेबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण पितळी भांड्यांसाठी ओळखलं जाणारं भंडारा आपल्यापासून तास-दीड तासावर आहे आणि आपल्या अनेक घरांत आजीचा पितळी गंज अजून असतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट किंवा खारट पदार्थ त्याच्याशी सरळ भिडला तर ‘कळकतो’, म्हणजे धातू उतरून बिघडतो, म्हणून आतून कल्हई हवीच. कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा थर. कथील २३२ अंशाला वितळतं. त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, त्यात कोरडं भाजायचं नाही, तडतडत्या तेलाची फोडणीही त्यात करायची नाही. भात, वरण, दूध यांसाठी ते छान. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई करून घ्या आणि करणाऱ्याला कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, ते स्पष्ट विचारा.

मातीची भांडी आधी पाण्यात भिजवून, हळूहळू आच वाढवत तापवायची. पण लांब रोटीचा पालथा मटका घरच्या शेगडीवर ठेवू नका. मटक्याचं तोंड बर्नर झाकतं, ज्योतीला हवा मिळत नाही, ती पिवळी होते आणि सगळी उष्णता खाली परतते. तो मटका चुलीवरचा आहे, तिथेच शोभतो.

काचेची शेगडी असेल तर

वरची काच टफन्ड असते, फुटली तर बारीक तुकडे होतात. ती फुटते ती बहुतेक वेळा उष्णतेच्या उलटफेराने. जाळीपेक्षा फारच रुंद गंज तासभर मोठ्या आचेवर ठेवला तर बुडाखालची उष्णता काचेवर आणि नॉबवर परततेच. लग्नघरी पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी घरच्या शेगडीवर तापवताना माझ्या मावशीच्या शेगडीच्या काचेला असाच तडा गेला. तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवू नका, उतरवलेला गरम कुकर तिच्यावर टेकवू नका. शेगडी घ्यायला जाताना घरातल्या सगळ्यात मोठ्या दोन गंजांचा व्यास मोजून न्या आणि दुकानात दोन बर्नरमधलं अंतर टेपने मोजा. शेगडीवर आयएस ४२४६ ची आयएसआय खूण हवी. या मानकानुसार शेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. पाइपने येणाऱ्या गॅसची शेगडी आणि सिलिंडरची शेगडी यांचे जेट वेगळे असतात, एकाची दुसऱ्याला लावू नका.

कुकर, वांगं आणि तळण

कुकरमध्ये वाढलेल्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. तो दाब बाहेर पडायचा मार्ग म्हणजे शिटीखालची बारीक नळी. डाळीचं साल तिथे अडकतं, म्हणून प्रत्येक वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघा. भाज्यांना दोन तृतीयांश, डाळ-तांदळाला निम्म्यापर्यंतच भरा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा लावा, तिथे स्क्रू किंवा कापड खुपसू नका. दाब उतरायच्या आधी झाकणाशी झटापट नको.

हिवाळ्यात भरताचं वांगं भाजण्याआधी त्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचे मारा. आतली वाफ कोंडली तर वांगं फुटतं आणि गरम गर चेहऱ्यावर उडतो. त्याचा रस बर्नरमध्ये गळतो, म्हणून जाळी ठेवा आणि त्याच दिवशी बर्नर धुवा.

आलूबोंडा किंवा सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) तळताना कढई अर्ध्यापेक्षा कमी भरा, तिची मूठ ओट्याच्या आत वळवा. तेलातून धूर निघायला लागला की ते पेट घेण्याकडे चाललंय. आच बंद करा. पेटलंच तर गॅस बंद करून मोठं ताट किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. कढई उचलून मोरीकडे धावूही नका.

गॅसचा वास आला तर

१. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका. कूलर, एक्झॉस्ट फॅन, दारावरची घंटा, सगळं यात आलं.
२. घरातला दिवा-उदबत्ती हाताने किंवा वाटीने विझवा, नॉब आणि रेग्युलेटर बंद करा.
३. दारं-खिडक्या सताड उघडा. गॅस जमिनीलगत असतो, म्हणून दार उघडणं खिडकीपेक्षा जास्त उपयोगाचं.
४. जमत असेल तर रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी लावा.
५. सगळ्यांना बाहेर काढा. मेन स्विच घराबाहेर असेल तरच तो बंद करा, कारण फ्रिज आपोआप चालू होतो आणि तिथे ठिणगी पडू शकते.
६. बाहेर, घरापासून दूर गेल्यावर १९०६ या गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घरात उभं राहून करू नका.

सुट्टीवरून परतल्यावर आधी अंधारातच दार उघडून वास घ्या, मग दिवा लावा.

भाजलं तर

भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. मेमध्ये टाकीचं पाणीच पोळणारं असतं, तेव्हा माठातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठा. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर लहानसं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवाच. आणि पाणी ओतायला सुरुवात करतानाच बांगड्या, अंगठी काढून घ्या, थोड्या वेळाने सूज चढली की त्या निघत नाहीत.